वरच्या बाईंचं पाणी

बाइंडरनं चहाची जुनी गाळणी नळाखाली धरली, धार बारीक केली आणि जाळीत अडकलेला खडा बोटाच्या टोकावर घेतला. तिळाहून थोडा मोठा, तपकिरी, एका अंगानं काटेरी. गेले सहा दिवस ताईची लघवी ह्या गाळणीतून जात होती. खडा हातात आल्याशिवाय तो कशाचा आहे ते कळणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्या दिवशी दोघं भावंडं लाजेनं एकमेकांकडे बघतही नव्हती. तिसऱ्या दिवसापासून ताई मोरीच्या दारातून भांडं बाहेर सरकवताना म्हणायला लागली, "घ्या सोनार, बघा काही लागतंय का हाताला."

"लागलं," तो आता म्हणाला.

ती भिंतीच्या आधारानं आली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. पण ह्या आठवड्यात तिचेच कपडे तिच्या अंगावर दुसऱ्या कुणाचे वाटत होते. तिनं वाकून त्याच्या बोटाकडे पाहिलं.

"एवढाच?"

"एवढाच."

"वीस टन उचलते मी," ती म्हणाली. "आणि ह्यानं मला फरशीवर लोळवलं."

त्यानं खडा बाटलीत टाकला आणि झाकण घट्ट लावलं. हसू कुणालाच आलं नाही.

ताई ओतशाळेत क्रेन चालवायची. छताखाली दोन बाजूंना रूळ, रुळांवर आडवा पूल, आणि पुलाला टांगलेली काचेची खोली. त्या खोलीत बसून ती भट्टीतला लोखंडाचा रस बादल्यांमधून साच्यांपर्यंत न्यायची. बादली म्हणायची रीत. एकेका बादलीत दोन माणसं सहज उभी राहिली असती. वर चढायला बावन्न पायऱ्यांची उभी शिडी होती. खालची माणसं तिला 'वरच्या बाई' म्हणत. 'वरच्या बाईंची मर्जी असली तर आज वेळेवर सुटू,' हा तिथला रोजचा विनोद होता, आणि तो खोटाही नव्हता. रस डचमळू न देता नेणारा असा हात साऱ्या ओतशाळेत दुसरा नव्हता.

तो स्वतः घरीच पुस्तकं बांधायचा. बाहेरच्या खोलीत दाबाचं यंत्र, खळीचा डबा, कापडाचे तुकडे आणि शाळांच्या वाचनालयांतून आलेली, पाठ मोडलेली पुस्तकं. आतल्या खोलीत स्वयंपाक आणि ताईची खाट. तिचं एकदा लग्न ठरत आलं होतं, एका शाळामास्तरांशी. अकरा वर्षांपूर्वी तिच्या ऑपरेशनचं कळल्यावर मास्तरांचं येणं कमी झालं, मग थांबलं. कारण त्यांनी सांगितलं नाही, ताईनं विचारलं नाही.

खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. डॉक्टरांनी अहवाल टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला.

"हा लहान होता, घसरत खाली आला. तरी चार दिवस तुमच्या मूत्रपिंडाचं काम मंदावलं होतं. पुढचा मोठा असला आणि वाटेत अडकला, तर बाकीच्यांचं दुसरं मूत्रपिंड सांभाळून घेतं. तुमच्याकडे दुसरं नाही."

बोलता बोलता त्यांची नजर जराशी बाइंडरकडे वळली. त्याचा हात आपोआप पोटाच्या उजव्या बाजूला, खाली गेला. ते लक्षात आल्यावर त्यानं तो खिशात घातला. ताईचं दुसरं मूत्रपिंड अकरा वर्षं तिथे होतं, आणि ठणठणीत होतं.

"दिवसाला तीन लिटर पाणी," डॉक्टर म्हणाले. "भट्टीजवळ काम असेल तर त्याहून जास्त. लघवी पाण्यासारखी दिसली पाहिजे. बाकी आहाराचं आमच्या बाई सांगतील, पण हे पहिलं."

"बरं," ताई म्हणाली. दुकानदार पिशवी नाही म्हणाला तर माणूस म्हणतो, तसं.

बाइंडरला मात्र घरी येईपर्यंत एकच गोष्ट दिसत होती. ऑपरेशनच्या आधीची दोन वर्षं. तेव्हा त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागायचं, आणि दिवसाला पाणी फक्त पाऊण लिटर. चहा, औषधावरचा घोट, सगळं धरून. ताईनं बाटलीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, पाण्याच्या पिंपाला कुलूप लावलं होतं. एका दुपारी तहानेनं वेडा होऊन त्यानं खळ कालवायला ठेवलेलं गढूळ पाणी घटाघटा प्यायलं, आणि संध्याकाळी छातीत पाणी भरून त्याचा श्वास कोंडला. ताईनं त्याला पाठुंगळीला मारून जिन्यावरून खाली नेलं होतं. त्या दिवसांत तो तिला वैरीण म्हणायचा.

"मला पाण्यात पाहतोस ना," ती म्हणायची, "पाहा. पण तेही मोजून पाहा."

आता मोजायची पाळी त्याची होती, उलट्या बाजूनं.

स्वयंपाक त्यानं आपल्या हाती घेतला. मिठाची बरणी ताईच्या हाताला लागणार नाही अशी वरच्या फळीवर गेली; दिवसभराचं दोघांचं मीठ तो सकाळीच दोन लहान वाट्यांत काढून ठेवायचा. पालक बंद, बीट बंद. पाळीवर जाताना ताई खिशात खारे शेंगदाणे भरून न्यायची, ते बंद. मांस आठवड्यातून एकदा, तेही चार फोडी. खालच्या मजल्यावरचा घड्याळजी म्हणाला, "खडा कॅल्शियमचा ना? मग दूध आधी तोडा, बाकी नंतर." ते इतकं सरळ वाटलं की बाइंडरनं दूध आणि दही त्याच दिवशी तोडलं. ताईला खाण्याचं तसं काही कौतुक नव्हतं. पण पाळीवरून आल्यावर वाटीभर दही ती चमच्यानं, सावकाश, खिडकीत बसून खायची. पहिल्या दिवशी तिनं रिकाम्या फळीकडे पाहिलं आणि खिडकीत जाऊन नुसतीच बसली. तिनं निदान भांडावं, असं त्याला वाटलं.

महिन्यानं आहारतज्ज्ञ बाईंची वेळ मिळाली. त्यांनी सगळी यादी ऐकली आणि दुधापाशी पेन थांबवलं.

"हे कुणी सांगितलं?"

"घड्याळजींनी," ताई म्हणाली.

"घड्याळजींना घड्याळं बघू देत. दूध-दही बंद करायचं नाही, उलट जेवणाबरोबरच घ्यायचं. भाजीपाल्यातलं ऑक्झलेट असतं ना, त्याला दुधातलं कॅल्शियम पोटातच धरून ठेवतं आणि बाहेर घेऊन जातं. दूध तोडलंत की ते मोकळं सुटतं, लघवीत उतरतं, आणि तिथे खडा धरतं. कॅल्शियमच्या गोळ्या मनानं घेऊ नका, पण दही खा. लिंबू पिळून पाणी प्या. मिठाचं चाललंय ते फार चांगलं." मग त्यांनी मान वर केली. "पाणी किती होतं?"

"होतं," ताई म्हणाली.

"किती?"

बाइंडर म्हणाला, "सकाळी दोन पेले, आल्यावर चार. कामावर नेलेली बाटली भरलेलीच परत येते."

"मग बाकीचं सगळं वाया आहे," बाई शांतपणे म्हणाल्या.

परतताना तो रस्त्यात थांबला. "महिनाभर मी तुला दही दिलं नाही."

"नाही दिलंस."

"उलटच केलं मी."

"तू एक महिना दही दिलं नाहीस, मी दोन वर्षं पाणी दिलं नव्हतं," ती म्हणाली. "चल, फिटलं म्हणू." पण पुढच्या चौकात ती जरा वेळ पाठीवर हात दाबून उभी राहिली. त्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, चपलेत खडा गेलाय.

त्या रात्री जेवताना त्यानं बाटलीचा विषय सोडला नाही.

"वर काय होतं तुला? बाटली तर जवळच असते."

"पाणी आत घेतलं की बाहेर सोडावं लागतं, बारक्या."

"मग उतरायचं."

"बावन्न पायऱ्या खाली, अंगण ओलांडून पार टोकाच्या मोरीपर्यंत, परत बावन्न वर. पंचवीस मिनिटं. भट्टीतून रस निघाला की पंचवीस मिनिटांत गार होतो. साचे वाया, माणसं उभी. पूर्वी बदलीला दुसरा होता, तो गेला, मग कुणी भरलाच नाही." तिनं दह्याची वाटी पुसून घेतली. "सकाळच्या दोन पेल्यांनंतर घोट घेतला नाही की आठ तास निघतात. सवय होते."

"आणि घाम?"

"घाम काय, तो न सांगता जातो. तोच एक बरा."

तो आणखी आठवडाभर मूग गिळून बसला. मग एका बुधवारी आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद खिशात घालून, लिंबूपाण्याची बाटली घेऊन तो ओतशाळेच्या दारात उभा राहिला.

फोरमनची खोली काचेची होती. बाहेर डोक्यावरून पूल सरकत होता, घंटा वाजत होती, आणि आकड्याला लटकलेली बादली, आत लालभडक उजेड घेऊन, सावकाश पुढे चालली होती. खाली अठरा-वीस माणसं बाजूला होऊन उभी. बाइंडरनं ताईला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. बादलीतला उजेड जरासुद्धा हलत नव्हता.

फोरमन भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, कागद वाचला, बाटलीकडे पाहिलं.

"बदलीच्या माणसासाठी मी चारदा लिहून दिलंय वर. देत नाहीत," तो म्हणाला. "बाईंना म्हणावं थोडं थोडं प्या. मूतखडा काय, आमच्याकडे चौघांना आहे. येतो, जातो."

"त्यांना असेल. तिचं तसं नाही. तिला अडकला तर जिवावर बेतेल." बाइंडरचा आवाज चढला. "एकच आहे तिला."

"एकच म्हणजे?"

"मूत्रपिंड. दुसरं मला दिलंय."

फोरमननं हातातलं पेन हळूच खाली ठेवलं. बाहेर घंटा वाजत राहिली.

"पोटदुखी म्हणून रजा होती," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. मग उठून त्यानं कपाटातून एक फाइल काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. क्रेनवर घेताना विचारलेलं असतं. मोठी शस्त्रक्रिया झाली आहे का. एखादा अवयव काढलेला आहे का. दोन्हीला 'नाही' लिहिलंय. सही त्यांची आहे."

बाइंडरनं सही ओळखली.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"मलाही नव्हतं. तेच बरं होतं." फोरमननं काचेतून वर पाहिलं. "तुम्ही हे मला सांगायला नको होतं हो. वर कळ आली आणि बाईंची शुद्ध हरपली, तर ती बादली कुणाच्या अंगावर जाईल? आता मला कळलंय. कळलं नाही असं मला करता येणार नाही."

"मी काही बोललोच नाही असं समजा."

"तुमची बहीण आहे म्हणून तुम्ही आलात," फोरमन म्हणाला. "त्या खालच्यांनाही कुणीतरी आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाइंडर बाटली घेऊन परत आला. अर्ध्या वाटेत त्याला आठवलं की ती निदान तिथे ठेवायची होती.

शनिवारी ताई नेहमीच्या वेळी आली, हात-पाय धुतले आणि खिडकीत बसली. त्यानं दह्याची वाटी पुढे ठेवली. वाटीशेजारी तिनं एक घडी घातलेला कागद ठेवला. सोमवारपासून तिची बदली भांडारात झाली होती: हातमोजे, गॉगल, चामड्याचे अंगरखे देण्याच्या खिडकीवर.

"मी गेलो होतो बुधवारी," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं तीन दिवस तोंडात धरलं होतं.

"माहितेय."

"फोरमननं सांगितलं?"

"वरून सगळं दिसतं, बारक्या. तुझं टक्कलसुद्धा."

तो खाली बसला. "मला वाटलं, बदलीचा माणूस मागावा."

"मागायला गेलास आणि देऊन आलास."

खालच्या मजल्यावर घड्याळजीनं दुकानाचं दार ओढल्याचा आवाज आला. ताईनं दह्यात चमचा घातला, पण उचलला नाही.

"तू मला कधी सांगितलं नाहीस, तू तिथे खोटं लिहिलंस ते."

"काय सांगायचं? की तुझ्यापायी लिहावं लागलं?"

"तसंच होतं ना?"

तिनं चमचा वाटीत एकदा फिरवला. म्हणाली, "ते त्यांनी विचारलं, तेव्हा मला एक क्षण खरंच आठवलं नव्हतं. 'काढलेला अवयव' म्हणजे काय, तो फेकून दिलेला. माझा घरातच होता." तिनं वाटी त्याच्याकडे सरकवली. "आज तू खा. मला नको."

भांडाराच्या खिडकीला लागूनच मोरी होती. आता ती दोन बाटल्या न्यायची आणि दोन्ही रिकाम्या परत यायच्या. ताई लिंबूपाणी प्यायची, जेवणाबरोबर दही घ्यायची, मिठाच्या वाटीबद्दल चकार शब्द काढायची नाही. सांगितलं तेवढं सगळं, सांगितलं त्या वेळी. पूर्वी ती घरी आली की आज कुठला साचा फुटला, कोण कुणाला काय म्हणालं, असं सगळं वरून पाहिलेलं सांगायची. भांडारात सांगण्यासारखं काही घडत नसावं. कधीकधी ती टेबलाशी बसलेली असताना तिचे दोन्ही हात लाकडावर किंचित पुढेमागे होत, डावा अमळ जास्त; त्याच्या लक्षात आलेलं पाहिलं की ती हात मांडीवर घ्यायची. त्यानं एकदा फोरमनला भेटून येतो म्हटलं. ती म्हणाली, "आता पुरे झाल्या तुझ्या भेटी," आणि तेही चिडून नाही.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. नवा खडा नव्हता, लघवी पाण्यासारखी, रक्ताचे आकडे ऑपरेशननंतर कधी नव्हते इतके चांगले. डॉक्टर खूश झाले.

"कुणी एवढं पथ्य पाळत नाही हो. काय केलंत?"

"खाली आले," ताई म्हणाली. डॉक्टरांना ते नीट ऐकू गेलं नाही. ते कागदावर पुढची तारीख लिहीत होते.

त्यानंतरच्या आठवड्यात, ताईच्या सुटीच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास दारावर टकटक झाली. बाइंडरनं दार उघडलं. तिशीतली एक शिडशिडीत बाई उभी होती, केस गच्च बांधलेले, हातात फळांची पिशवी.

"वरच्या बाई इथेच राहतात ना? मी क्रेनवरची. नवीन."

ताई उठून उभी राहिली. तिनं पाहुणीचे हात आधी पाहिले, मग तोंड.

नवी ऑपरेटर आधी गोदामात सामान उचलायची गाडी चालवायची. क्रेनचं शिक्षण पंधरा दिवसांचं मिळालं होतं, आणि घरी मुलं लहान होती. "बादली हलायला लागली की मी थांबते," ती म्हणाली, "आणि थांबले की ती आणखीच हलते. परवा रस सांडला. कुणाला लागलं नाही. पण खालचे सगळे वर बघत होते माझ्याकडे."

"थांबतेस तिथेच चुकतं," ताई म्हणाली. "बस."

बाइंडर आतल्या खोलीत गेला आणि लिंबू चिरायला घेतलं. बाहेरून ताईचा आवाज येत होता, त्यानं तीन महिन्यांत न ऐकलेला. बादली पुढे गेली की पूल तिच्यामागे न्यायचा, अगदी तिच्या डोक्यावर, मग तीच शांत होते. तान्ह्या मुलाला आपण धरून ठेवत नाही, त्याच्याबरोबर झुलतो, तसं. आकडा बघायचा नाही, रसाचा काठ बघायचा. ताईनं खळीचा डबा सुतळीला बांधून तिच्या हातात दिला असावा, कारण मधूनच पत्रा वाजला आणि दोघी हसल्या. बाइंडर सुरी तशीच हातात धरून उभा होता.

"आणि बाई," नव्या ऑपरेटरचा आवाज खाली आला, "वर असताना जायचं झालं तर?"

"बदलीला कुणी दिलंय?" ताईनं विचारलं.

"नाही अजून. लिहून दिलंय म्हणतात."

"मग तू काय करतेस?"

"काही नाही. पीतच नाही सकाळपासून. होते सवय."

बाइंडर वाट पाहत राहिला. बाहेर जाऊन काही बोलावं असं त्याला वाटलं, आणि आपण मागे कुठे जाऊन काय बोललो तेही आठवलं.

"असं करू नकोस," शेवटी ताई म्हणाली. "माझं काय झालं ते तिथे सगळ्यांना माहीत आहे."

"हो, कळलं मला." नवी ऑपरेटर समजुतीच्या सुरात, जवळजवळ मायेनं म्हणाली, "पण माझी दोन्ही शाबूत आहेत ना, बाई."

त्यानं पेले भरले आणि बाहेर नेले. नवी ऑपरेटर ओशाळून आपल्या बांगड्या मागेपुढे करत होती. ताई खिडकीकडे बघत होती. एक पेला त्यानं ताईपुढे ठेवला, दुसरा पाहुणीपुढे केला.

"नको," ती चटकन म्हणाली, आणि मग वाईट वाटू नये म्हणून हसली. "दोनची पाळी आहे."

त्यानं ताईकडे पाहिलं. ताईनं पाहुणीला आग्रह केला नाही. दारापर्यंत सोडायला गेली, रसाच्या काठाबद्दल पुन्हा एकदा बजावलं, आणि ती जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत खिडकीत उभी राहिली.

"हात चांगला आहे तिचा," परत येऊन बसत ती म्हणाली. "टिकेल ती."

मग तिनं आपला पेला संपवला, आणि त्याच्या हातातून दुसराही घेतला.